पाणी न मागणारं इंजिन

सत्तरच्या दशकात मी सांगलीला डिझेल इंजिनांच्या दुकानात विक्रीला होतो. एकदा कोरेगावकडचा एक निवृत्त फौजी विहिरीसाठी इंजिन घ्यायला आला. मी पाण्याचा पेला पुढं केला, तर त्यानं तो माझ्याकडंच सरकवला.

"आदी तुमी प्या."

फौजेतली रीत असेल म्हणून मी पेला तसाच ठेवला. तो प्रत्येक इंजिनावर तळवा ठेवी आणि एकच विचारी, "ह्ये पानी मागतं का?"

शेवटी मी वैतागलो. "अहो, विहिरीला पाणी आहे ना? मग पाण्यावर थंड होणारंच घ्या. हवेवरचं लवकर तापतं."

"हवेवरचंच द्या." त्यानं इंजिनावरचा हात काढला नाही. "म्या डायवर हुतो. वाळवंटात गाडी तापून बंद पडाय आली. मागं पाच जखमी. त्यातला माझा दोस्त पानी पानी करत हुता. डबा येकच हुता. म्या गाडीत वतला. त्यो बघत हुता."

"बाकीचे चौघे वाचले ना?" एवढंच मी विचारलं.

"व्हय," म्हणत त्यानं पेला पुन्हा माझ्याकडं सरकवला.

मी तो तोंडाला लावला.