ब्रेक सोडून सगळी कामं करणारा मिस्त्री

परभणीत जिंतूर रोडच्या आतल्या गल्लीत महारुद्र मिस्त्रीचं गॅरेज हाय. पाटी त्यानं स्वतःच्या हातानं लिवलीय, "सर्व कामे होतील, ब्रेक सोडून." नवा माणूस वाचतो अन् हसतो. मला त्या हसण्याचा लय राग येतो. मी बन्सीधर, बाजूच्या दुकानात तीस वर्षं लोखंड कातायची लेथ चालवतो. मिस्त्रीचं लोखंड माझ्या लेथवर येतं अन् माझा चहा त्याच्या गॅरेजात होतो. तवा त्या पाटीचं काय ते मलाच सांगू द्या, बाकीचे लोक मीठमसाला लावतात.

आदिनाथ हा महारुद्रचा थोरला भाऊ. आईबाप लवकर गेले, तवा आदिनाथनं धाकट्याला चारठाण्याहून परभणीला आणलं अन् एका उस्तादाच्या हाताखाली घातलं. स्वतः एक अँबॅसिडर घेऊन स्टेशनवर टॅक्सी लावली. महारुद्रनं लग्न केलं न्हाई. कुणी विचारलं तर म्हणायचा, दादाच्या घरात पोटभर मिळतंय, खामखा दुसरी चूल कशाला? दादा, कुसुमबाई वैनी अन् त्यांची पोरगी भक्ती, हाच त्याचा प्रपंच.

त्याच्या उस्तादाचा एक नियम व्हता. ज्यानं ब्रेक केला त्यानंच पहिली चक्कर मारायची, अन् शेजारी आपल्या घरचं माणूस बसवायचं. गिऱ्हाइकाला बसवायचं न्हाई. घरचं माणूस बसणार म्हणलं की नट आवळताना हात आळस करत न्हाई. महारुद्र दर गाडीला आदिनाथला बसवायचा. आदिनाथ पान खात बसायचा, ब्रेक लागला की "बराबर हाय" म्हणायचा अन् उतरायचा.

चौदा वर्षांमागं आदिनाथच्याच गाडीचे ब्रेक खोलले. ब्रेकच्या सिलिंडरात बोटाच्या पेराएवढी रबरं असतात. ती ब्रेकच्या तेलानंच धुवायची. रॉकेल लागलं की रबर फुगतं अन् ब्रेक दगा देतो, हे गॅरेजातलं शेंबडं पोरगं बी सांगल. दुसऱ्याची गाडी असती तर ह्यानं रबरं ब्रेकच्या तेलानं पुसून बसवली असती. पण दादाची गाडी! एक एक भाग रॉकेलात घासून चांदीसारखा केला, अन् त्या भरात रबरं बी रॉकेलात गेली. चक्कर मारली तवा ब्रेक लागले. आदिनाथ "बराबर हाय" म्हणला. तिसऱ्या दिवशी सवारी सोडून जिंतूरहून रिकामा येताना पुलाच्या वळणावर ब्रेक लागले न्हाईत. आदिनाथ जागेवर गेला.

दहाव्याला महारुद्रनं चार माणसांत उभं राहून आपणहून सांगितलं, रॉकेल लागलं, चूक माझी. सांगितलं नसतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. ती पाटी बी त्यानं तवाच लावली. त्या दिवसापासून कुसुमबाई त्याच्याशी बोलली न्हाई. एकच घर, मधात एक भिंत. ती ताट झाकून उंबऱ्यावर ठेवायची, ह्यो जेवून, ताट घासून परत उंबऱ्यावर ठेवायचा. अशी चौदा वर्षं. मी लई समजावलं दोघांना, पण दगडावर पाणी.

भक्ती आता चोवीसची. पूर्णेच्या शाळेत शिकवती. यंदा श्रावणात तिनं शेडातल्या बापाच्या गाडीवरची ताडपत्री ओढून काढली. महारुद्रनं एवढ्या वर्षांत त्या गाडीचा पत्रा ठोकला व्हता, इंजिन बांधलं व्हतं. ब्रेक तेवढे केले नव्हते.

"काका, ही रस्त्यावर काढा," ती म्हणली. "मला लातूरला नोकरी लागलीय, दिवाळीनंतर जायचं हाय. ही घेऊन जायची, शनिवारी हीच घेऊन यायची."

"ब्रेक दुसऱ्याकडून करून घे."

"दुसऱ्यानं केले तर मी बसायची न्हाई. मी गेल्यावर तुमी दोघं ह्या घरात कसं राहणार, सांगा बरं. एखादं माणूस पडून राहिलं तर दुसऱ्याला कळायचं बी न्हाई. मला ही फिकीर घेऊन लातूरला जायचं न्हाई. तुमी केलेल्या ब्रेकवर मी बसले तरच आई तुमच्याशी बोलंल."

मिस्त्री दोन दिवस जेवला न्हाई. तिसऱ्या दिवशी पुठ्ठ्याचा एक तुकडा घेऊन माझ्याकडं आला. "बन्सी, पुढं ड्रम बसवायचे न्हाईत. डिस्क बसवू. ड्रम बंद डबा असतो, आत काय चाललंय दिसत न्हाई. मला दिसायला पायजे."

आता अँबॅसिडरची पुढची चाकं ड्रमची. भंगारातून दुसऱ्याच एका गाडीच्या डिस्क आणल्या, अन् कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून चिमटीत धरून थांबवणारा भाग. ह्या गाडीचं त्या गाडीला काही जुळत न्हाई. डिस्कचं मधलं भोक बारीक, बोल्टाची भोकं भलतीकडंच. मी लेथवर भोक वाढवलं, नवी भोकं पाडली. मिस्त्रीनं डिस्क बसवून फिरवली अन् काढून परत दिली, "केसभर डुलायलीय." असं तीनदा. मी त्याला नको त्या शिव्या दिल्या. चौथ्यांदा तो काही बोलला न्हाई, म्हणजे पास. कॅलिपर धरायला जाड लोखंडी पट्टी पायजे व्हती. तिचा नमुना त्यानं पुठ्ठ्याचा अकरा वेळा कापला, मग लोखंड कापलं. पाय दाबला की तेल पुढं ढकलणारा मास्टर सिलिंडर मोठा घातला. मागचे ड्रम तसेच ठेवून त्यात नवी रबरं टाकली. रबरं बसवताना मात्र त्यानं मला बाहेर जायला लावलं. मी बाहेर उभा राहिलो.

दसऱ्याच्या सकाळी चक्कर मारायची ठरली. मी गेलो तवा मिस्त्री आंघोळीला गेलता. गाडी लोखंडी घोडीवर उचलून ठेवलेली, पुढची दोन चाकं तेवढी लावायची राहिलेली. म्हणलं, सणाचा दिवस हाय, लावून टाकू. बघतो तर दोन्ही डिस्कवर शेंदराची पाच-पाच बोटं. आदल्या दिवशी खंडेनवमी. तेलात कालवलेला शेंदूर आमी सगळे हत्यारांना लावतो, माझ्या लेथला बी लावलेला व्हता. वाटलं, भक्तीनं लावला असंल. पूजेचा शेंदूर पुसायचा कसा? चाक फिरून फिरून जाईल आपोआप, म्हणलं. चाकं चढवली, नट आवळले.

गॅरेजामागं मोकळं रान हाय. भक्ती काकाशेजारी बसली. कुसुमबाई मागच्या दारात येऊन उभी राहिली. मिस्त्रीनं गाडी हळूच घेतली, जरा पळवली अन् लिंबाजवळ ब्रेक दाबला. गाडी थांबली न्हाई. घसरत घसरत पार भिंतीकडं गेली. मागच्या ड्रमांनी कशीबशी धरली अन् भिंत दीड हातावर राहिली.

मिस्त्री उतरला अन् पलीकडचं दार उघडलं. "भक्ती, उतर खाली," म्हणला. "खोट माझ्या हातातच हाय. ही भंगारात घाल. अन् माझ्या नादी लागू नको."

मीच पान्हा घेतला अन् चाक खोललं. शेंदूर सगळ्या डिस्कभर फिरला व्हता. कॅलिपरातले पॅड, जे डिस्कला घासून गाडी थांबवतात, ते नारंगी झाले व्हते.

"तेल," मिस्त्री म्हणला. "पॅडला तेल लागल्यावर काय धरतंय? मी तर दहादा धुतली व्हती. कुणी लावलं?"

भक्ती म्हणली, "मी न्हाई."

मीच बोललो. "मी पायलं व्हतं, मिस्त्री. पूजेचा हाय म्हणून पुसला न्हाई." त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यानं नुसता माझ्या हातातला पान्हा काढून घेतला.

कुसुमबाई दारातून चालत आली अन् गाडीपाशी थांबली.

"म्या लावला," ती म्हणली. चौदा वर्षांत त्याच्यासमोर काढलेला तिचा पहिला शब्द. "इतक्या खंडेनवम्या गेल्या, तुमच्या हत्याराला म्या बोट लावलं न्हाई. औंदा म्हणलं लावावं. पोरगी बसणार म्हणून जरा जास्तच लावला."

"तुमाला काय ठाऊक, वैनी, तेलाचं," मिस्त्री म्हणला.

"ठाऊक नव्हतं. पण आज पोरगी गेली असती तर माझ्याच हातानं गेली असती न्हवं? म्या तर तिचं भलं मागायला लावला व्हता, भावजी." तिनं पदरानं डिस्कवरचा शेंदूर पुसला. "तुमी बी त्या दिवशी ह्यांची गाडी म्हणून जास्तच घासत बसले व्हते. हे मला दहाव्यालाच समजायला पायजे व्हतं."

मिस्त्री खाली मातीत बसला अन् रडला. पन्नाशी उलटलेला माणूस असा रडताना बघवत न्हाई. माझे बी डोळे भरले, कशाला खोटं बोलू? भक्ती दोघांच्या मधात उभी व्हती. तिनं आईला धरावं का काकाला, हे तिला समजंना.

नवे पॅड यायला तीन दिवस लागले. डिस्क मिस्त्रीनं धुतल्या, मी धुतल्या, परत मिस्त्रीनं धुतल्या. चक्कर मारायच्या वेळेला भक्ती पुढं झाली, तर कुसुमबाईनं तिला बाजूला सारलं. पुढचं दार उघडलं अन् पदर सावरून महारुद्रशेजारी बसली.

लिंबाजवळ ब्रेक लागला. दुसऱ्यांदा जोरात लागला. तिसऱ्यांदा मिस्त्रीनं भिंतीच्या दिशेनं पळवली, तरी गाडी जिथल्या तिथं उभी राहिली. त्यानं कपाळाचा घाम पुसला.

"बराबर हाय," तो म्हणला. "उतरा, वैनी."

ती उतरली न्हाई. समोर बघत म्हणली, "जिंतूर रोडला घ्या. त्या पुलापर्यंत न्या मला. म्या ती जागा अजून पायली न्हाई."

मिस्त्रीनं गेर टाकला. गल्लीच्या तोंडाला एक म्हातारी रस्ता ओलांडायली व्हती. गाडी थांबली, म्हातारी गेली, अन् गाडी जिंतूर रोडला वळली.