मान बाजूला वळत होती

"शिष्टर, गोळी नगं, सुई नगं. तुमचा पाय तेवढा लावा, आमी चाललो."

सकाळची ओपीडी भरलेली. बाकावर पस्तिशीची मंगल बसली होती, आणि बोलत होती तिची सासू. मंगलने पदर डोळ्यांवर ओढला होता आणि एका हाताने बाक घट्ट धरलं होतं.

तिसगावकडच्या एका आरोग्य केंद्रात मी सव्वीस वर्षं स्टाफ नर्स आहे. शिवाय मी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. मानेत किंवा कमरेत उसण भरली की पायाळू माणसाने पाय लावायचा, लचक उतरते, असा आमच्याकडे समज. आम्ही ख्रिस्ती, पण उसण धर्म विचारत नाही. आणि माझ्या जन्माची हकिगत आमच्या आईने चर्चपासून बाजारापर्यंत कोणाला सांगायची ठेवली नाही. सुरुवातीला मी या लोकांवर चिडायचे. पुढे कळलं, समजावण्यात अर्धा तास जातो, पाय लावण्यात अर्धं मिनिट.

"कधी भरली उसण?"

"काल दुपारी. कांदं खुरपीत हुती, मान धरली. रातच्याला ताप आला, दोनदा उलटी झाली."

ताप मी ऐकला, पण रांग मोठी होती. चप्पल काढलीसुद्धा. तेवढ्यात मंगल डुलायला लागली. पडेल म्हणून मी तिच्या मानेमागे हात धरला. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि मान लाकडासारखी ताठ.

"मंगल, उजवीकडे बघ."

कण्हत वळली. डावीकडेही वळली.

"आता हनुवटी छातीला लाव."

ती जाईना.

उसण भरली की मान बाजूला वळत नाही. हिची बाजूला वळत होती, खाली वाकत नव्हती. मी चप्पल परत घातली, तिला टेबलावर उताणी झोपवलं आणि डोकं हलकेच उचललं. तिचे दोन्ही गुडघे आपोआप वर आले. लगेच थर्मामीटर लावला.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती पातळ आवरण असतं. जंतूंमुळे त्याला सूज आली की तो मेनिंजायटिस. मान वाकवली की सुजलेलं आवरण ताणलं जातं, म्हणून शरीर ती वाकूच देत नाही. दुसऱ्याने वाकवलीच, तर गुडघे दुमडून ताण कमी करतं. उजेड सोसत नाही, उलट्या होतात. उशीर झाला तर फिट येते, कान जातात, माणूसही जातो. कधीकधी एका दिवसात.

"कान वाहतो का हिचा?" मी विचारलं.

"वाहतो की, ल्हानपनापास्नं. त्याल सोडतो आमी."

म्हणजे जंतूंना वाट तिथूनच मिळाली असणार. डॉक्टर आत ऑनलाइन मीटिंगमध्ये होते.

"सर, बाहेर या."

"सिस्टर, दहा मिनिटं."

"मान उचलली की गुडघे वर येतात, सर. ताप एकशे तीन."

त्यांनी हेडफोन टेबलावर टाकला. मीटिंग तशीच चालू राहिली. मंगलला तपासून म्हणाले, "सेफ्ट्रायक्सोन काढा. पहिला डोस इथेच. ॲम्ब्युलन्स बोलवा." हे अँटिबायोटिक. नगरच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत तासभर जंतूंना मोकळं रान द्यायचं नव्हतं.

इंजेक्शन झालं, पण सासू अडून बसली. "उसनीसाठी नगरला कोन जातं? शिष्टर, तुमी पाय लावा ना."

"मावशी, ही उसण नाही. मेंदूवर सूज आहे. तिथे माझा पाय पोचत नाही."

"तुमीच न्हाई म्हनता?"

"मीच नाही म्हणते."

मग मात्र ती मुकाट्याने ॲम्ब्युलन्समध्ये बसली. डॉक्टरांचं तिने ऐकलं नसतं. पायाळूनेच हात टेकले म्हटल्यावर तिचा इलाज खुंटला.

दुपारी तिचा फोन. "शिष्टर, पाटीतलं पानी काढायचं म्हनत्यात. त्यानं पाय लुळं पडत्यात ना?"

"नाही पडत. मज्जारज्जू जिथे संपतो, त्याच्या खाली सुई घालतात. कोणता जंतू आहे ते त्या पाण्यातच कळतं. संमतीच्या कागदावर अंगठा द्या."

पाणी गढूळ निघालं. तीन दिवस मंगल बरळत होती. चौथ्या दिवशी फोन आला, "च्या मागितला तिनं." मी ड्रेसिंग रूममध्ये जाऊन रडले. इतकं हलकं मला माझ्या मुलीच्या बाळंतपणातही वाटलं नव्हतं.

महिन्याने मंगल चालत आली. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, त्या कानाच्या ऑपरेशनसाठी नंबर लावलाय. बाकी ठणठणीत. न सांगता तिने हनुवटी छातीला लावून दाखवली.

आता पाय मागायला कोणी आलं की मी आधी थर्मामीटर लावते, मग मान बघते. मान वाकली म्हणजे धोका नाही असंही नसतं, म्हणून ताप निघाला की डॉक्टरांकडे पाठवते. पेशंट मागतो ते द्यावं की नाही हे मागाहून ठरवावं, आधी हात लावून बघावं, एवढंच मी शिकले. सव्वीस वर्षांत किती मानांना नुसता पाय लावून घरी पाठवलं, याचा हिशोब मात्र मी करत नाही. त्या सगळ्या उसणीच होत्या, असं धरून चालते.