हाताला झेपेल इतकं पाणी

मला एम.एस. आहे हे कळलं त्याला आता सात वर्षं होतील. मज्जातंतूंचा आजार. दिसायला मी धडधाकट दिसते, पण दुपार कलली की पोटऱ्या लाकडासारख्या ताठ होतात आणि उजव्या हाताची पकड केव्हा सुटेल याचा नेम नसतो. कॅनडात वॉटर्लूतल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधते. पाय सैल पडावेत म्हणून दिलेल्या गोळ्यांनी मला मीटिंगमध्येच पेंग यायला लागली, तेव्हा न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी कॅनबिसचं, म्हणजे गांजाचं तेल घेऊन बघा म्हणून सांगितलं. मी नागपूरच्या शिस्तीच्या घरातली. दोन महिने ती बाटली कपाटातच राहिली. मग एका संध्याकाळी सोफ्यावरून उठताच येईना, तेव्हा चार थेंब जिभेखाली घेतले. तासाभराने मी स्वतःच्या पायांनी स्वयंपाकघरात गेले.

पुढे ते तेल दुकानातून नाहीसं झालं. दुसरं घेतलं, त्याने डोकं जड झालं. तिसऱ्याचा काही उपयोगच झाला नाही. आमच्या ऑन्टॅरिओ प्रांतात एका घरात गांजाची चार झाडं लावायला परवानगी आहे. मी नवऱ्याला म्हटलं, "आपण घरीच लावू."

तो इंजिनियर. त्याला जणू वर्षभराचं खेळणं मिळालं. बेसमेंटमध्ये कपडे धुण्याच्या सिंकशेजारी त्याने झाडांसाठी काळा तंबू उभारला, दिवे टांगले, मोठ्या पिंपात पंप सोडला, टायमर लावला, प्रत्येक कुंडीत चार-चार नळ्या आणल्या. खताच्या सहा बाटल्या होत्या. कुठली कुठल्या आठवड्यात किती, याची एक्सेल शीट होती. फोनवर पिंपातल्या पाण्याचा आलेख दिसायचा. मला खूप कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. फक्त त्यातलं एकही काम मला करता येत नव्हतं. बाटल्यांची झाकणं उघडत नव्हती, पिंप ढवळता येत नव्हतं.

महिन्याभरात पानांची टोकं करपली. त्याने खत कमी केलं, तर पानं पिवळी पडली. नळ्यांच्या तोंडाशी पांढरा थर साचायचा आणि एक झाड कोरडं राहायचं, तर दुसरं चिखलात उभं.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी तो कामासाठी टोरांटोला गेला होता आणि मी घरून काम करत होते. खालून पंपाचा आवाज येत होता. तो दोन मिनिटांत थांबायला हवा होता, थांबला नाही. मी जिन्याशी गेले. तेरा पायऱ्या. त्या दिवशी पायांवर भरवसा नव्हता, म्हणून एकेका पायरीवर बसत, घसरत खाली उतरले. एक नळी निसटली होती आणि पाणी जमिनीवर वाहत होतं. पिंपाचा कॉक मी दोन्ही हातांनी धरला. फिरेना. बोटं नुसती त्याच्यावरून सरकत राहिली. शेवटी भिंतीवर उंच लावलेला प्लग खेचला. पंप थांबला. मोजे भिजलेले, तशीच मी कपड्यांच्या ड्रायरला टेकून उभी राहिले आणि रडले. पाणी सांडलं म्हणून नाही. माझ्या औषधाला माझेच हात उपयोगी पडत नव्हते.

नवरा आला, सगळं पुसून काढलं आणि म्हणाला, "उद्या लीक सेन्सर लावतो. फोनवर अलार्म येईल."

"नको," मी म्हटलं. "अलार्म आला तरी कॉक मलाच फिरवता यायला हवा ना? हे सगळं काढ."

"अगं, थोडं ट्यून केलं की..."

"हा तुझा प्रोजेक्ट आहे. मला माझं औषध हवंय. जे मला एकटीला करता येईल तेवढंच या घरात राहील."

त्याचा चेहरा पडला. त्याने तीन वीकेंड त्यात घातले होते. पण शनिवारी त्याने करपलेली झाडं काढून टाकली, नळ्या गुंडाळल्या आणि मला गाडीत घालून शेजारच्या किचनर गावातल्या बागकामाच्या एका दुकानात नेलं.

दुकानात साठीच्या एक बाई होत्या, पांढरी वेणी, नखांत माती. नवऱ्याने फोनवरचे फोटो दाखवून कुठलं खत कमी पडलं असेल ते विचारलं. त्यांनी फोटो बघितले आणि वेगळाच प्रश्न केला.

"पाणी कुठलं घालता?"

"नळाचं. बेसमेंटमधलं."

"घरात सॉफ्टनर आहे?"

आमच्या भागात पाणी इतकं जड की बहुतेक घरांत ते मऊ करणारा सॉफ्टनर असतो. दर महिन्याला नवरा त्यात मिठाची गोणी ओततो. त्या बाई म्हणाल्या, "मग तुम्ही झाडांना इतके दिवस थोडं थोडं मीठ पाजताय. वर सहा बाटल्यांचं खत. बिचारी झाडं काय करतील?"

नवऱ्याने फोन खिशात ठेवला. मग त्या माझ्याकडे वळल्या. माझी काठी त्यांनी आल्या आल्याच पाहिली असणार. "झाडांची काळजी कोण घेणार?"

"मी."

"मग तुम्हाला काय जमतं ते आधी सांगा. काय घ्यायचं ते नंतर बघू."

असं मला इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी यादीच सांगितली. पाण्याचा लहान जग अर्धा भरला तर उचलता येतो. झाकणं फिरवता येत नाहीत. वाकता येत नाही, स्टुलावर बसून काम करता येतं. काही दिवस अजिबात उठता येत नाही, तेव्हा झाडांनी माझ्यावाचून राहायला हवं.

त्यांनी चार कुंड्या काढल्या. प्रत्येकीच्या तळाशी पाण्याची टाकी, टाकीतून मातीत वर जाणारी कापडाची जाड वात, आणि बाजूला पाणी ओतायची नळी. नळीत एक तरंगणारी कांडी, तिला लाल टोक. टाकी भरली की ते वर येतं, रिकामी झाली की आत दिसेनासं होतं. पंप नाही, टायमर नाही, वीज नाही. खत म्हणून एकच कोरडी भुकटी. ती आधीच कंपोस्ट आणि गांडूळखताबरोबर मातीत कालवायची, आणि फुलं धरायला लागली की वरून दोन मुठी पसरायच्या.

"बस एवढंच?" नवऱ्याने विचारलं.

"एवढंच. उत्पन्न थोडं कमी येईल. पण येईल. आणि मुळं खाली पोचेपर्यंत पहिले काही आठवडे पेल्याने वरून पाणी घाला, तेही थोडं. रोज घालाल तर रोपं मरतील."

मी लगेच बी पेरलं नाही. टेस्टरचा स्वभाव. आधी चारही कुंड्यांत पुदिना लावला आणि महिनाभर बघितलं. भरलेली टाकी किती दिवस पुरते? माझ्या हातून पाणी जास्त पडलं तर काय होतं? जास्तीचं पाणी बाजूच्या भोकातून खालच्या ताटलीत येतं, झाडाला काही होत नाही, हे कळलं. एका कुंडीची कांडी अडकत होती. ती मी बदलून आणली.

राहिला पाण्याचा प्रश्न. नवऱ्याने बेसमेंटच्या छतावरचे पाइप टॉर्च घेऊन तपासले आणि शोध लावला की किचनच्या गार पाण्याचा नळ सॉफ्टनरला वळसा घालून येतो. म्हणजे झाडं किचनजवळ हवीत. किचनला लागून एक छोटी खोली आहे. तंबू तिथे आला. फेब्रुवारीत मी चार बिया पेरल्या.

अडचण इतकीच होती की एप्रिलमध्ये सासूबाई नागपूरहून येणार होत्या आणि ती खोली आम्ही त्यांच्यासाठी ठरवली होती.

"वरची खोली देऊ त्यांना," मी म्हटलं.

"खोलीचं सोड. आईला सांगायचं काय? गांजा लावलाय म्हणून? तिकडे तर लोक तुरुंगात जातात. चार महिने काढून टाकू हे सगळं."

"काढायचं नाही. मी सांगते."

त्या आल्याच्या दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांनी विचारलं, "त्या खोलीत हे काय गुणगुणून राहिलं?" पंखा होता तो. मी त्यांना आत नेलं आणि तंबूची झिप उघडली. झाडं तोवर कमरेएवढी झाली होती. सासूबाई शाळेत शिक्षिका होत्या. वर्गात कॉपी पकडताना बघत असतील तशा त्यांनी पानांकडे पाहिलं.

"हा गांजाच नं?"

"हो आई. माझ्या पायांसाठी. डॉक्टरांना माहीत आहे, आणि इथे कायद्याने चार झाडं चालतात."

"बाप्पा!" एवढंच म्हणून त्या वर गेल्या. दोन दिवस कामापुरतं बोलल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोळ्या लाटताना माझे पाय आखडले. मी ओटा धरून उभी राहिले, लाटणं खाली पडलं. त्यांनी गॅस बंद केला, मला खुर्चीवर बसवलं आणि पोटरीला हात लावून बघितला. इतकी वर्षं फोनवर ऐकलेलं त्या पहिल्यांदा हाताने चाचपत होत्या. बराच वेळ पोटरी चोळत राहिल्या.

"मला नाही पटत ते झाड," त्या म्हणाल्या. "पण पाय तुझे आहेत. पाणी कसं देतेस त्याला?"

मी दाखवलं. लाल टोक दिसलं तर काही करायचं नाही. दिसेनासं झालं तर आणखी एक दिवस थांबायचं, मग टोक वर येईपर्यंत किचनच्या नळाचं गार पाणी ओतायचं. दुसरं काहीही घालायचं नाही.

"इतकंच?"

"इतकंच."

मे महिन्यात माझी तब्येत एकदम ढासळली. डाव्या डोळ्यासमोर धुकं आलं आणि उजवा पाय उचलेना. हॉस्पिटलमध्ये दाखल झाले, स्टेरॉइडची सलाइन लागली. नवरा माझ्यापाशी आणि ऑफिसच्या फोनवर. झाडांचा विषय मी काढला नाही. धाडसच झालं नाही. पडल्या पडल्या मनात मात्र मोजत होते, आज टाक्या संपल्या असतील, आज माती सुकली असेल.

आठव्या दिवशी घरी आले. वॉकर घेऊन आधी त्या खोलीत गेले. चारही कुंड्यांची लाल टोकं वर होती. तंबूच्या बाहेर स्टुलावर आमचा छोटा जग उपडा ठेवलेला, शेजारी पुसायचं फडकं.

सासूबाई मागे उभ्या होत्या. "एकीत जास्त झालं पहिल्या दिवशी, ताटलीत आलं. पुसून काढलं. आणि त्या कोपऱ्यातल्या झाडाची खालची पानं पिवळी पडली. मी काही घातलं नाही. काही घालू नको म्हटलं होतंस नं तू."

मी नुसती त्यांचा हात धरून उभी राहिले. त्या म्हणाल्या, "बस आता. पायाला त्रास होईल."

ती पिवळी पानं म्हणजे झाडं फुलावर आली होती आणि त्यांना वरखत हवं झालं होतं. दुसऱ्या दिवशी स्टुलावर बसून मी प्रत्येक कुंडीत दोन मुठी भुकटी पसरली आणि बोटांनी मातीत मिसळली. चार कुंड्यांना पाऊण तास लागला, मध्ये दोनदा थांबले. नवरा दारात उभा राहून बघत होता, पण मदत करू का म्हणून विचारलं नाही. त्यालाही कळायला लागलं होतं.

जूनअखेर कापणी केली. एका झाडाच्या शेंड्यात बुरशी निघाली. ते आख्खं झाड टाकून दिलं, फार जिवावर आलं. उरलेली तीन सुकवली, बरण्यांत भरली आणि नवऱ्याच्या मदतीने तेल काढलं. अगदी थोड्यापासून सुरुवात करून मला किती थेंब सोसतात ते ठरवायला तीन आठवडे गेले, रोज वहीत लिहून. आजार बरा झालेला नाही, होणारही नाही. पाय मात्र संध्याकाळी इतपत सैल पडतात की जेवायला मी टेबलाशी बसते. न्यूरॉलॉजिस्ट बाईंना वही दाखवली, त्यांनी तिची फोटोकॉपी करून घेतली.

सासूबाई ऑगस्टमध्ये परत गेल्या. फोनवर त्या झाडांचं नाव काढत नाहीत, "तुझ्या त्या कुंड्या" म्हणतात आणि पाय कसे आहेत ते विचारतात.

आता बाहेर बर्फ आहे आणि खोलीत नवी चार रोपं बोटाएवढी झाली आहेत. मुळं अजून खाली पोचलेली नाहीत. काल पेल्याने पाणी घालताना उजव्या हाताची पकड सुटली आणि अर्धं पाणी जमिनीवर गेलं. पेला पुन्हा भरून आणला, डाव्या हाताचा आधार दिला आणि राहिलेल्या दोन रोपांना घातलं.