सासूबाईंचे फौजी सोयरे

माझ्या सासूबाईंना आयुष्यात परकं माणूस कधी भेटलंच नाही. मलकपेठेतल्या त्यांच्या घरापासून सिकंदराबादच्या स्टेशनापर्यंत जो दिसेल तो त्यांचा कोणीतरी लागायचा. भाजीवाली अक्का, रिक्षावाला भाईजान आणि बसचा कंडक्टर तर थेट भाचा. भाच्याने मावशीसाठी स्टॉप नसताना बस थांबवली नाही, तर त्याच्या आईचा पत्ता शोधून तिच्याकडे तक्रार जायची. ही सोयरीक एकतर्फी जुळायची, समोरच्याला विचारायची पद्धत नव्हती. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेला, शेजाऱ्याचं नाव पाटीवर वाचून समाधान मानणारा जावई. मला हे सगळं झेपायचं नाही.

त्यातून मेलेलेही सुटले नाहीत. सिकंदराबादच्या एका जुन्या कब्रस्तानात, भिंतीलगतच्या कोपऱ्यात, दगड नसलेल्या मातीच्या कबरी होत्या. उन्हाने गरगरलं म्हणून सासूबाई एकदा तिथल्या झाडाखाली टेकल्या. म्हाताऱ्या चौकीदाराने पाणी देता देता सांगितलं, "फौजी लोगां है अम्मा. दूर दूर जाके लड़े, वापस आए, यहींच मरे. नामां किसीकू याद नै." नावं कोणाला आठवत नाहीत हे ऐकून सासूबाई अशा भडकल्या की बिचाऱ्याने तांब्या उचलून आडोसा गाठला. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नाची पहिली अक्षत देवापुढे आणि दुसरी त्या मातीवर पडू लागली. आमच्या लग्नाचीही पडली होती. हे त्यांनी माझ्या आईला रुखवत दाखवताना सहज सांगितलं आणि आईला सरबताचा ठसका लागला.

"मंगलकार्याचं आमंत्रण कब्रस्तानात?"

"वडीलधारे असतील तिथे जावंच लागतं, विहीणबाई," सासूबाई म्हणाल्या.

तुमच्या माहेरचं कोणी फौजेत होतं का, असं मी एकदा विचारलं. "नव्हतं. असतं तर त्याच्यासाठी केलंच असतं, त्यात काय मोठं?" एवढं बोलून त्या चिंच कोळायला बसल्या.

पुढे बाजार खुला झाला. घरोघरी केबल आली, रस्त्यावर रंगीबेरंगी मोटारी आल्या आणि त्या मोटारी विकायला काचेची दुकानं हवी झाली. असंच एक दुकान कब्रस्तानाला खेटून उभं राहत होतं आणि त्याच्या पार्किंगसाठी तो कोपरा लागणार होता. चौकीदाराचा निरोप आला तसा सासूबाईंनी मला स्कूटर काढायला लावली. आम्ही पोचलो तेव्हा चुन्याची रेघ मारून झाली होती. कंत्राटदार समजुतीच्या सुरात म्हणाला, "ना नाम है, ना पत्थर, ना वारिस. खाली जगह है अम्मा."

"वारिस मैंच हूँ," असं म्हणत सासूबाईंनी त्या रेघेवरच मांडी घातली. "अब खोदो."

मी "आई, उठा" म्हणून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीही शेजारी बसलो, इस्त्रीच्या पँटीसकट. तेवढ्यात बातमी पसरली आणि अक्का भाजीची पाटी घेऊन आली. भाईजान चार रिक्षावाल्यांना घेऊन आला. भाच्याने तर बस रस्त्यात उभी केली, आणि बस का थांबली ते बघायला उतरलेले प्रवासीही आमच्यात बसले. कंत्राटदाराने विचारलं, तुमचं कोण आहे इथे? अक्का म्हणाली, "अम्मा के लोगां, तो हमारे लोगां." पार्किंग दुसऱ्या बाजूला गेलं.

कंत्राटदार मनाने वाईट नव्हता. तो स्वतःहून म्हणाला, "एक पत्थर लगा देता हूँ अम्मा. 'बेनाम सिपाही' लिखूँ?"

"बेनाम कैकू?" सासूबाई कडाडल्या. "नामां थे उनके. तुमकू मालूम नै, वो अलग बात."

मग भिंतीवर त्यांनी उर्दूत, तेलुगूत आणि आपल्या मराठीत रंगवून घेतलं, 'ही जागा रिकामी नाही.'

सासूबाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या असताना मी त्यांना हसायचो. आता त्यांच्यावाचून हे एवढं मोठं शहर मला परकं वाटतं. मध्ये एकदा रविवारी मी त्या कोपऱ्यात गेलो. भिंतीवरचा रंग विटला आहे, पण अक्षरं वाचता येतात. नवा चौकीदार तरुण आहे, मला ओळखत नव्हता.

"किसकू ढूंडरें साब? नाम क्या है?"

नाव मला कुठलं ठाऊक असणार? मी चपला काढल्या आणि म्हणालो, "ससुराल के लोगां है."