वांग्यांचा वरचा थर

आमची मुलगी अठरा वर्षांची झाली आणि विशेष शाळेने तिला शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला. प्रमुख पाहुणे उशिरा आले. ऑटिझम ही ईश्वरी देणगी आहे, समाज या मुलांना सामावून घेईलच, अशी ग्वाही देऊन ते पुढच्या सत्काराला गेले. मुलगी कानांवर हात दाबून बसली होती. भाषण नीट समजलेली ती एकटीच असावी.

समाज नेमका कुठे भेटतो, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. तिला कामाला ठेवायला मेडिकलवाल्याने नाही म्हटलं, झेरॉक्सवाल्याने चहा पाजून नाही म्हटलं. शेवटी कारंजा गावाबाहेर भाजीचा मळा करणाऱ्या एका काकूंनी तिला वांगी निवडायला ठेवून घेतलं. शाळेत तिची वर्षं मण्यांचे ढीग लावण्यात गेली होती. ते शिक्षण प्रथमच कुणाच्या कामी आलं. टपोरी इकडे, बारकी तिकडे, किडकी बाजूला. ती रात्रीची झोपू लागली. आम्हीही.

क्रेट भरायची आमच्याकडे एक रीत आहे. बारका माल खाली, टपोरा वर. घेणाऱ्यालाही ते ठाऊक असतं आणि तो त्या बेतानेच बोली लावतो. एक दिवस काकू असा थर लावत असताना मुलीने पाहिलं. तिने भरलेले क्रेट जमिनीवर ओतले आणि पुन्हा निवडायला बसली. काकूंनी भरले, तिने ओतले. कुणीतरी हात धरला तेव्हा ती स्वतःचं मनगट चावू लागली. गाडी ताटकळली, लिलाव हुकला.

मला बोलावणं आलं. बारकी वांगी खाली का घालायची, हे मी तिला समजावू लागलो. ती ऐकत होती आणि बारकं वांगं उचलून बारक्यांत ठेवत होती. एवढी पुस्तकं वाचून मला लबाडीचं एक सोपं समर्थन जमेना.

काकू बांधावर बसल्या. "सर, पोरीचं काई चुकलं नाई. पन असा माल नेला तर मले बजारात कोन इचारते?"

दुसरं काही काम आहे का, मी विचारलं. तण निंदायला गेली तर उन्हात बिथरते, भाजीला पाणी द्यायला ठेवावी तर उघडी विहीर, त्या म्हणाल्या. आणि मग, "तुमी दोघं गेल्यावर इचं कसं, सर?"

"म्हणूनच तर तुमच्याकडे आणली होती."

त्यांनी तिच्या चपला आणून माझ्यापुढे ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चपला घालून दारात उभी राहिली. आज काम नाही, मी म्हटलं. ती उभीच राहिली. अजूनही रोज राहते. बायकोने आता दाराला आतून कुलूप लावायला सुरुवात केली आहे.