डुलकूसाठी सोडलेली जिलबी

कुठून सुरू करावं तेच कळत नाही बघा. आधी चहा संपवून घ्या, नाहीतर हसताना ठसका लागायचा आणि ते पापही माझ्याच माथी यायचं. माथ्यावर आधीचं एक आहेच. आमच्या ह्यांनी बावीस वर्षं जिलबी खाल्ली नाही, माझ्यामुळे. आणि मी जिलबी खाल्ली नाही ती कुणामुळे? थांबा. ते एकदम सांगितलं तर तुम्ही उठून जाल.

माझं माहेर पुसेगावचं. मी नऊ वर्षांची असताना आमच्या आळीत टीव्ही एकच, हेडमास्तरांच्या घरी. काळा-पांढरा, पुढं शटर ओढायचा. दर रविवारी सकाळी त्यावर डुलकू लागायचा. डुलकू म्हणजे कापडाचं हत्तीचं पिल्लू. जत्रेत आईची सोंड सुटली आणि हरवलं. मग दर रविवारी नवं गाव, नवी माणसं, आणि हा आपला भेटेल त्याला विचारणार, "माझी आई बघितली का हो?"

त्याच्या पाठीवरचे दोरे स्पष्ट दिसायचे. पण आम्हाला त्याचं काही नाही! आम्हाला वाटायचं, हत्तीला असतात तसले दोरे. खरा हत्ती बघितलाच होता कुणी?

डुलकूचं गाणं लागलं की हेडमास्तरांच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसायची. माझा धाकटा भाऊ पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून आमचा कल्ला, "आलं, आलं... गेलं! मागं फिरव!" बिचाऱ्यानं अर्धी मालिका पत्र्यावरूनच ऐकली.

एका रविवारी काय झालं, डुलकू रानात एकटा. अंधार पडलेला. एक कान फाटून कापूस बाहेर आलेला. समोर मोडका लाकडी पूल. त्यानं पुलावर पाय ठेवला, पूल कर्रर्र वाजला, आणि...

लाईट गेली!

दुपारी नाही आली. संध्याकाळी नाही आली. मी जेवायला बसलेच नाही. शेवटी मी मारुतीच्या देवळात गेले. आता नवसाचा नियम आईनं शिकवलेला होता: बोलताना गुपचूप, फेडताना उघड. बोलताना कुणाला कळला तर फळत नाही, आणि फेडताना चारचौघांत सांगितला नाही तर फिटत नाही. म्हणून मी अगदी ओठांतल्या ओठांत म्हटलं, "मारुतीराया, डुलकूला आईकडं पोचव. तोवर मी जिलबी खाणार नाही."

जिलबी म्हणजे माझा जीव की प्राण! तरी वाटलं, एवढ्या मोठ्या कामाला एक जिलबी पुरायची नाही. म्हणून वर जोडलं, "आणि तो पोचेपर्यंत रविवारी सकाळी टीव्हीसमोर बसणार नाही."

हसताय ना? हसा. टीव्हीत हरवलेलं लेकरू घरी पोचलं हे टीव्ही न बघता कळणार कसं, हा प्रश्न तुम्हाला लगेच पडला. मला पडला नाही. पुढच्या रविवारी मी देवळात बसून राहिले. पोरी धावत सांगायला आल्या, तर मी कानात बोटं घातली. देवाचं काम देवानं सांगावं, मधल्या पोरींनी नाही! नंतर डुलकू लागायचा बंद झाला आणि मी काय ते समजले. बिचारा पुलावरच राहिला. माझा नवसही राहिला.

मग लग्न होऊन मी हिंगोलीला आले. पहिल्याच पंगतीत जिलबी. मी ताटातली बाजूला सारली. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते बरोबर टिपलं.

"काहून गं शोभा? जिलबी काहून न्हाई खात?"

"नवस आहे, आत्याबाई."

"कशाचा?"

आता सांगायची चोरी! मी मान खाली घातली. नवी नवरी, खाली मान आणि नवस. आत्याबाईंनी गणित मांडलं आणि सोडवूनही टाकलं. "सांगू नको, बाई. कळलं मला. माझ्या लेकासाठी धरला ना?" आणि पदर डोळ्याला.

हे पंगतीत समोरच बसलेले. त्यांनी हातातली जिलबी खाली ठेवली. रात्री मला म्हणाले, "तू माझ्यासाठी सोडलीस, मग मी काय दगड आहे का? आजपासून मीबी सोडली."

अहो, काय सांगू! जिलबीवर माझ्याहून जास्त जीव त्यांचा. एकदा वाशिमहून गाडीवर येत होतो. कनेरगाव नाक्याला एका धाब्यावर कढईतून गरम जिलबी काढणं चाललेलं. ह्यांनी गाडी थांबवली. डोळे मिटले. एक दीर्घ श्वास घेतला, आवंढा गिळला आणि पुन्हा किक मारली. मागं बसून मला वाटलं, सांगून टाकावं सगळं. पण सांगणार कसं? एक तर नवस फळला नव्हता. आणि दुसरं, खरं सांगते, त्यांनी माझ्यासाठी असं काही सोडलं याचं आतून फार बरं वाटायचं.

मग त्या नवसाला पायच फुटले. ह्यांचं खता-बियाण्याचं दुकान चाललं, जिलबीमुळे. आमची पल्लवी बारावी पास झाली, जिलबीमुळे. (ती रात्रंदिवस अभ्यास करत होती, ते वेगळं.) कळमनुरीच्या रस्त्यावर एक ट्रक ह्यांच्या गाडीला नुसता घासून गेला, त्या दिवशी तर आत्याबाईंनी साऱ्या गल्लीला गोळा करून सांगितलं, "सुनेची जिलबी आडवी आली, म्हणून वाचला!"

गल्लीत जिलबी सोडायची साथच आली. शेजारच्या कुंताकाकूंनी मुलाच्या लग्नासाठी सोडली. कुणी गुडघ्यासाठी, कुणी बोअरला पाणी लागावं म्हणून. गल्लीच्या तोंडाशी कढई लावणारा मिठाईवाला एक दिवस हात जोडून मला म्हणाला, "वहिनी, आता तुमी जिलबीला सोडून बुंदीला धरा की!"

आणि मग मागच्या आठवड्यात पल्लवी नांदेडहून कॉलेजच्या सुट्टीत घरी आली. मी पोळ्या लाटत डुलकूचं गाणं गुणगुणत होते.

"आई, कोणतं गाणं आहे गं हे?"

सांगितलं. नवसाचं नाही, नुसतं डुलकूचं. तिनं मोबाईलवर काय काय दाबलं आणि म्हणाली, "हाच का तो?"

हाताचं पीठ न धुता मी खाली बसले. तोच! तेच दोरे, तोच फाटका कान. वार बुधवार, म्हणजे नियमातही बसत होतं. पूल आला. कर्रर्र वाजला. आणि भाग संपला.

"थांब, पुढचा शेवटचा आहे," पल्लवी म्हणाली.

शेवटचा भाग सुरू झाला. डुलकूनं चार पावलं टाकली, पूल ओलांडला, आणि पलीकडे आई उभी! सोंडेत सोंड घालून! अहो, मी पिठाच्या हातांनी तोंड झाकून रडले.

"आई, हा तर पुढच्याच रविवारी घरी आला की! तू बघितलं नव्हतंस?"

मी बोटांवर मोजलं. सात दिवस. सात दिवसांचा नवस मी पस्तीस वर्षं चालवला होता.

पण फळलेला नवस ठेवून घ्यायचा नसतो. त्या आनंदात मी बाहेर जाऊन बोलून बसले, "आत्याबाई, माझा नवस फळला!"

इथं चुकलं. तोंडातून शब्द निघाले आणि संध्याकाळपर्यंत शनिवारच्या जेवणाला अकरा सवाष्णी ठरल्यासुद्धा! मिठाईवाल्यानं तर आनंदानं कढई घासायला घेतली.

"आत्याबाई, एवढं कशाला? घरातल्या घरात..."

"वा गं! फेडताना उघड सांगायचा असतो ना? बाया ऐकायला येऊन राहिल्यात, एवढा कोणता नवस पावला ते!"

शनिवार उजाडला. हे इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे, जणू पुन्हा नवरदेव. पाटांवर बाया, ताटांत लालसर पिवळी कुरकुरीत जिलबी. माझ्या शेजारी समोरच्या घरातली नवी सून दीपाली बसलेली. तिचा नवरा ट्रकवर असतो, आठ-आठ दिवस बाहेर. तिनं ताटातल्या जिलबीकडे एकदा डोळे भरून बघितलं आणि हळूच बाजूला सारली.

"काकू, मीबी आजपासून सोडते. तुमच्यासारखा गुण येऊ द्या."

समोर मारुतीचा फोटो, दारात नवरा, आणि हे लेकरू माझ्या हत्तीपायी जन्माची जिलबी सोडायला निघालेलं. खोटं बोलावं तर नवस फिटत नाही. खरं बोलावं तर बावीस वर्षांची अब्रू जाते. माझे हात आपोआप जोडले गेले. डोळे मिटून मी ओठांतल्या ओठांत म्हटलं, "मारुतीराया, एवढी वेळ निभावून ने. माझी लाज राख. राखलीस तर..." आणि सवयीनं जे तोंडात आलं ते बोलून गेले.

मग डोळे उघडले आणि सगळं सांगितलं. अँटेनापासून पुलापर्यंत.



"हत्ती?" कुंताकाकूंनी विचारलं.

"हत्तीचं पिल्लू."

"कापडाचं?"

"कापडाचं."

"अगं माय! त्याच्यापायी मी तीन वर्षांपास्नं जिलबी सोडून बसले व्हय?"

मी आत्याबाईंकडे बघितलं. मला वाटलं, आता धरणी दुभंगावी. त्या म्हणाल्या, "मंग? आलं का ते लेकरू आईपाशी?"

"आलं, आत्याबाई."

"दाखव."

पल्लवीनं मोठ्या टीव्हीवर लावलं. अकरा सवाष्णी जेवायच्या थांबल्या. डुलकूनं पूल ओलांडला तसा आत्याबाईंनी पदर डोळ्याला लावला. "कापसाचं असो न्हाई तं हाडामासाचं, लेकरू ते लेकरूच. बरं केलंस बाई." झालं! सगळ्या बाया डोळे पुसायला लागल्या. दीपालीनं ताट पुन्हा पुढं ओढून जिलबीचा चांगला मोठा तुकडा मोडला. मारुतीनं माझी लाज राखली!

दारातून हसण्याचा आवाज आला. हे चौकट धरून हसत होते. "म्हणजे बावीस वर्षं मी एका हत्तीसाठी..."

"पिल्लासाठी," मी म्हटलं.

त्यांनी एक जिलबी उचलली, डोळे मिटून खाल्ली. दुसरी उचलली आणि साऱ्या बायांदेखत माझ्या तोंडाशी धरली. "घे. सुटलो दोघंबी."

मी तोंड उघडलं. पाकाचा वास आला. आणि मला आठवलं, मघाशी देवापुढं सवयीनं मी काय बोलून बसले ते.

मी तोंड मिटलं.

"अगं घे ना!"

मी मान हलवली. त्यांनी फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "पुन्हा?"

मी मान खाली घातली. दुसरं करता काय येतं मला? बोलताना गुपचूप!

त्यांनी हातातली जिलबी हळूच ताटात परत ठेवली. "या बारीला तरी माझ्यासाठी हाय ना?"

मी काही बोलायच्या आत आत्याबाईंचा आवाज चढला, "बघा गं बायांनो! हत्ती घरी पोचला न्हाई तोच लगेच नवऱ्यासाठी धरला! याला म्हणत्यात सून!"

शेजारी दीपालीनं हातातला तुकडा खाली ठेवला.

आणि खरं सांगू? डुलकूच्या नवसाला निदान मुदत तरी होती. या वेळी घाईघाईत मी ती घालायलाच विसरले.