चक्रवाकांची वही

शांत माणसाजवळ किस्से टिकत नाहीत. नानांचा आणि माझा जीव मात्र अजून जळतो, म्हणून तलावाचे हे किस्से ताजे आहेत.

आम्ही दोघं देवपुरातले मास्तर. नाना ड्रॉइंगचे, मी भूगोलाचा. पन्नास-एक्कावन्न सालची गोष्ट. हिवाळ्यात दर रविवारी सायकली काढून धुळ्याबाहेरच्या तलावावर जायचो, चक्रवाक बघायला. तिथे बंदुका बंद व्हाव्यात, एवढीच आमची मागणी. अर्ज केला. कचेरीतून उत्तर आलं, "पक्षी आहेत याचा पुरावा द्या!"

दिला! दोन महिने वही लिहिली. किती, कुठे, किती वाजता. नानांनी नकाशासुद्धा काढला.

*

कचेरीतल्या साहेबांनी वही चाळली. नारिंगी चक्रवाकाच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "हे शिजायला किती वेळ लागतो?"

"साहेब, आम्ही नुसते बघतो."

"मग त्यात मिळतं काय?"

घरी आल्यावर नाना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

*

पुढच्या रविवारी पहाटेच बार ऐकू आले. उत्तर काठच्या वाळूवर, नानांनी फुली मारली होती बरोब्बर तिथे, जीप उभी! साहेब, दोन पाहुणे आणि बॉनेटवर आमची वही!

"मास्तर, झकास नकाशा! एक काडतूस वाया गेलं नाही!"

अकरा चक्रवाक पडले होते. मांसाला वास येतो म्हणून तिथेच टाकून गेले. लाज नाही, शरम नाही!

*

तलावाचे रखवालदार आबा चिडले, तेही आमच्यावर. "मास्तर, तुम्ही लिखतस कसाले? पाखरेस्ले वाचता येत नई, सायबले येस!"

आम्ही सायकली वळवल्या.

*

पुढच्या हिवाळ्यात साहेबांचा निरोप आला, "यंदाची वही पाठवा."

नाना म्हणाले, "या वर्षी मी एकटाच लिहितो."

तलावाचा दक्षिण काठ वरून वाळलेला दिसतो, पण खाली कमरेएवढा गाळ. गुरंसुद्धा तिकडे फिरकत नाहीत.

वही पाठवल्यानंतरच्या रविवारी तलावावर येताना उत्तर काठावर चक्रवाक निवांत बसलेले दिसले. पलीकडे दक्षिण काठावर साहेबांची जीप, चाकं दिसेनाशी होईपर्यंत रुतलेली! साहेब मांड्यांपर्यंत चिखलात, एका हातात बंदूक, दुसऱ्यात वही.

"अरे, बाहेर निघायची वाट कुठे आहे?" साहेब ओरडले.

आबा काठावर विडी ओढत बसले होते. उठलेसुद्धा नाहीत.

"माले काय माहीत? वहीमा देखा, सायेब! बठ्ठं लिखेल शे!"